‘रेड अलर्ट’ पुन्हा खेळायचाय? ओपनआरएपासून सुरुवात करा

१९९६ साली वेस्टवुड स्टुडिओजने ‘कमांड अँड काँकर: रेड अलर्ट’ हा तळ बांधून फौज लढवायचा संगणकावरचा गेम बाजारात आणला. ज्यांनी तो सायबर कॅफेत किंवा मित्राच्या घरच्या संगणकावर खेळला, त्यांना वीज फेकणाऱ्या टेस्ला कॉइलचा कडकडाट आणि खनिज वाहणाऱ्या ओर ट्रकची घरघर अजून आठवत असेल. तीच सीडी आज नव्या लॅपटॉपवर टाकून बघाल तर गाडी इन्स्टॉलरपाशीच अडते. तो १६-बिटचा आहे आणि ६४-बिट विंडोज तसले प्रोग्रॅम चालवतच नाही. यातून वाट काढली ती जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी. त्यांनी गेमचं इंजिन कोऱ्या पाटीवर नव्याने लिहिलं, कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि त्याला नाव दिलं ओपनआरए.

अशा खुल्या पुनर्निर्मिती बऱ्याच आहेत, पण नवख्याने पहिलं पाऊल ओपनआरएतच टाकावं असं माझं ठाम मत आहे. तो फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळतो आणि खेळायला माणसंही सापडतात. पुढे सगळं क्रमाने सांगतो. रेड अलर्ट पूर्वी कधीच खेळला नसेल तरी काही अडणार नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा: इंजिन वेगळं, माल वेगळा

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गेमचे दोन भाग असतात. पहिला इंजिन, म्हणजे चालवणारा कोड. रणगाडा अडथळा टाळून कसा जाईल, तोफगोळा लागल्यावर किती नुकसान होईल, माउसने क्लिक केल्यावर काय घडेल हे सगळं तिथे ठरतं. दुसरा भाग मालाचा: चित्रं, आवाज, संगीत, व्हिडिओ. जुन्या रेड अलर्टमध्ये हा माल ‘मिक्स’ नावाच्या फाइलींमध्ये एकत्र बांधलेला असायचा. हौशी मंडळींनी त्या फाइलींची रचना उलगडली आणि त्या वाचू शकेल असं स्वतःचं इंजिन सी-शार्प भाषेत लिहिलं. ओपनआरएवर हे काम २००७ पासून चालू आहे आणि त्याचा परवाना जीपीएल आहे. कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा.

माल मात्र आजही इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या मालकीचा. वेस्टवुड १९९८ मध्ये या कंपनीकडे गेली आणि २००३ मध्ये बंद झाली. कंपनीने पहिला ‘कमांड अँड काँकर’ २००७ मध्ये, ‘रेड अलर्ट’ २००८ मध्ये आणि ‘टायबेरियन सन’ २०१० मध्ये मोफत डाउनलोडसाठी खुला केला. पैसे पडत नाहीत, पण हक्क कंपनीचेच राहिले. म्हणून ओपनआरएच्या इन्स्टॉलरमध्ये मूळ चित्रं आणि आवाज नसतात, ते पहिल्यांदा गेम उघडल्यावर वेगळे उतरवावे लागतात.

असले प्रकल्प याबाबत फार काटेकोर असतात आणि त्याला कारण आहे. ‘वॉरक्राफ्ट २’च्या फाइली वाचणारं ‘फ्रीक्राफ्ट’ नावाचं खुलं इंजिन २००३ मध्ये तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या कायदेशीर नोटिशीनंतर बंद करावं लागलं. त्याचा कोड पुढे ‘स्ट्रॅटॅगस’ या नावाने जगला, पण धडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. तेव्हा ‘सगळं एकत्र असलेला फुल सेटअप’ देणाऱ्या अनोळखी साइटच्या नादी लागू नका. तिथे व्हायरसची भीती वेगळी, आणि गरज तर मुळीच नाही.

पायरी १: उतरवून घेणे

ओपनआरए डॉट नेट ही अधिकृत साइट. तिथे दोन प्रकार दिसतील: ‘रिलीज’ आणि ‘प्लेटेस्ट’. तुम्ही रिलीज घ्या. प्लेटेस्ट ही पुढच्या आवृत्तीची चाचणी असते, ती नंतर कधीतरी. आवृत्तीच्या नावातच तारीख असते. रिलीज-२०२३१०१० म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरची दहा तारीख.

विंडोजवर नेहमीचा इन्स्टॉलर आहे. चालवताना ‘अनोळखी प्रकाशक’ असा इशारा देणारी निळी खिडकी आली तर फाइल अधिकृत साइटवरूनच घेतली आहे ना हे पाहा आणि मग पुढे जा. लिनक्सवर प्रत्येक गेमची वेगळी ॲपइमेज मिळते. ती उतरवायची, चालवण्याची परवानगी द्यायची, डबल क्लिक करायचं. इन्स्टॉल झाल्यावर तीन गेम दिसतील: रेड अलर्ट, टायबेरियन डॉन म्हणजे १९९५चा पहिला कमांड अँड काँकर, आणि ड्यून २०००. इंजिन एकच, गेम तीन. सुरुवात रेड अलर्टने करा. सगळ्यात जास्त खेळाडू तिथेच असतात.

गेम उघडताच बंद पडला तर बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. तो अद्ययावत करा आणि पुन्हा उघडून बघा.

पायरी २: माल भरणे

पहिल्यांदा उघडल्यावर माल नसल्याची सूचना येते आणि ‘क्विक इन्स्टॉल’चा पर्याय दिसतो. तो दाबा. खेळायला लागेल तेवढाच माल नेटवरून उतरतो आणि बाकीचं आपोआप होतं. संगीत आणि व्हिडिओ हवे असतील तर ‘ॲडव्हान्स्ड इन्स्टॉल’. जुनी सीडी घरात असेल तर ती ड्राइव्हमध्ये घाला, किंवा गेमचा विकत घेतलेला डिजिटल संच संगणकावर असेल तर ओपनआरए तो शोधून त्यातून फाइली उचलतो. हे नंतरही करता येतं, मेनूतल्या ‘मॅनेज कंटेंट’मधून. संगीत मात्र नक्की घ्या. ‘हेल मार्च’ वाजल्याशिवाय रेड अलर्ट अर्धाच आहे.

पायरी ३: माउस कोणत्या पद्धतीचा?

यानंतर गेम तुमचं नाव, रंग आणि माउसची पद्धत विचारतो. ‘क्लासिक’ म्हणजे १९९६ची पद्धत: डाव्या बटणानेच सैनिक निवडायचा आणि डाव्यानेच हुकूम द्यायचा. ‘मॉडर्न’ म्हणजे डाव्याने निवड, उजव्याने हुकूम. नवीन असाल तर बेलाशक मॉडर्न घ्या. गर्दीत आपला रणगाडा निवडायला जावं आणि चुकून चालण्याचा हुकूम सुटावा, असं त्यात होत नाही. जुन्या खेळाडूंच्या हाताला क्लासिक बसलेला असतो, त्यांनी तो ठेवावा.

पायरी ४: सराव, आणि त्यात फक्त पैसा

मेनूत ‘सिंगलप्लेअर’ आणि मग ‘स्कर्मिश’, म्हणजे संगणकाविरुद्धचा सुटा सामना. दोघांचा छोटा नकाशा निवडा. प्रतिस्पर्धी म्हणून संगणकाचे चार स्वभाव मिळतात: रश, नॉर्मल, टर्टल आणि नेव्हल. ‘टर्टल’ आपल्या तटबंदीत बसून राहतो, सुरुवातीला तोच बरा. ‘रश’ तुम्ही दुसरी इमारत बांधताय तोवर दारात येतो. पर्यायांमध्ये ‘गेम स्पीड’ एक घर खाली आणा आणि ‘एक्सप्लोर्ड मॅप’वर टिक करा, म्हणजे नकाशा आधीच उघडा दिसेल.

आता मुख्य भाग. नवखा माणूस लढाईकडे बघतो, मुरलेला आधी तिजोरीकडे बघतो. या गेममध्ये हरणारा बहुतेक वेळा लढाईत हरण्याच्या बऱ्याच आधी पैशात हरलेला असतो. म्हणून पहिले काही डाव जिंकण्यासाठी खेळूच नका, बेस सुरळीत चालवण्यासाठी खेळा.

सुरुवातीला हातात एक मोठी गाडी असते, एमसीव्ही. तिला निवडून ‘एफ’ दाबलं की ती उलगडते आणि कन्स्ट्रक्शन यार्ड होते, म्हणजे बाकीच्या इमारती जिथून बांधायच्या ती जागा. पुढचा क्रम सरळ आहे: पॉवर प्लांट, बराक, ओर रिफायनरी, वॉर फॅक्टरी आणि लगेच दुसरी रिफायनरी. प्रत्येक रिफायनरीबरोबर एक ओर ट्रक फुकट येतो. तो आपणहून जवळच्या शेतातून सोनेरी खनिज भरतो, रिफायनरीत ओततो आणि परत निघतो. रंगीत रत्नांचं शेत दिसलं तर ट्रक आधी तिकडे वळवा, रत्नांना दुप्पट भाव असतो.

पैसा कापला कसा जातो हे एकदा नीट पाहा. पूर्ण किंमत एकदम जात नाही. इमारत जसजशी तयार होते तसतसा खिसा रिकामा होतो. तिजोरी शून्यावर आली की काम थांबत नाही, रखडतं. चार गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या आणि ट्रक एकच असला, तर चारही गोगलगायीच्या चालीने सरकतात आणि आपल्याला वाटतं संगणक संथ आहे. उपाय सोपा: वॉर फॅक्टरी उभी राहिली की पहिल्या दोन-तीन गाड्यांमध्ये एक तरी जादा ओर ट्रक असू द्या. उलटपक्षी तिजोरीत पैसा साठत चालला असेल तर तेही चुकतंय. रिफायनरी आणि सायलोत, म्हणजे खनिजाच्या कोठारात, मावत नाही त्या खनिजाचा उपयोग होत नाही, आणि साठलेला पैसा लढत नाही. आकडा वाढू लागला की दुसरी बराक किंवा दुसरी वॉर फॅक्टरी बांधा, त्याने उत्पादनाचा वेगही वाढतो.

वीज विसरू नका. बाजूच्या पट्टीतला विजेचा दांडा लाल झाला की उत्पादन मंदावतं, रडार बंद पडतं आणि टेस्ला कॉइल नुसता खांब होऊन उभा राहतो. अनुभवी प्रतिस्पर्धी विमानं पाठवतो ती मुद्दाम तुमच्या पॉवर प्लांटवर. म्हणून प्लांट सगळे एकाच कोपऱ्यात रांगेने बांधू नयेत.

जवळचं शेत संपलं की ट्रक नवीन खनिजाच्या शोधात भटकत शत्रूच्या तोंडात जातो. डावाच्या मध्यावर ट्रक कुठे आहेत याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पुढच्या शेताजवळ आधीच रिफायनरी नेऊन ठेवलेली उत्तम.

पायरी ५: फौज हाताळणे

बोटं या चार कळांवर बसवा. ‘ए’ दाबून जमिनीवर क्लिक केलं की तुकडी वाटेतल्या शत्रूशी लढत लढत पुढे जाते. ‘एस’ म्हणजे थांबा. ‘डी’ दाबून एखाद्या गाडीवर क्लिक केलं की तिची राखण. ‘एफ’ उलगडण्यासाठी, तो वर आलाच. शिवाय ‘क्यू’ने पडद्यावरची सगळी लढाऊ फौज निवडली जाते, ‘डब्ल्यू’ने त्याच जातीची. कंट्रोल धरून आकडा दाबला की निवडलेल्या तुकडीला तो क्रमांक मिळतो, पुढे नुसता आकडा दाबला की तुकडी हातात. कळा बदलायच्या असतील तर सेटिंग्जमध्ये सगळी यादी आहे.

यातला ‘ए’ सगळ्यात महत्त्वाचा. साधा चालण्याचा हुकूम दिला तर रणगाडे मार खात खात ठरल्या जागी पोचायला बघतात. ‘ए’ दिला तर थांबून लढतात. १९९६च्या मूळ गेममध्ये ही सोय नव्हती. जुने खेळाडू ओपनआरएत आल्यावर सुरुवातीला याच एका कळेपायी हरतात.

शिफ्ट धरून क्लिक करत गेलात तर हुकमांची रांग लागते: आधी इथे जा, मग त्या पुलावरून, मग तिथे हल्ला. तुकडीला वळशाच्या वाटेने शत्रूच्या ओर ट्रकवर घालायचं असेल तर हे फार कामाचं.

कोण कोणाला भारी, हे थोडक्यात. रायफलधारी स्वस्त, घोळक्याने आले की इतर पायदळाला जड जातात. रॉकेट सैनिक रणगाडे आणि विमानं दोन्हींवर चालतो, पण पायदळासमोर टिकत नाही. रणगाडे पायदळाला चिरडून जाऊ शकतात. सोव्हिएतांचा व्ही-२ रॉकेट लाँचर आणि मित्रराष्ट्रांची आर्टिलरी लांबून मारतात, पण कोणी जवळ पोचलं की संपल्या. म्हणजे मिसळ फौज लागते. नुसते रणगाडे काढून चालत नाही, आणि नवखे हटकून तेच करतात. एखादा इंजिनिअर जवळ ठेवा. नकाशावर कुठे तेलविहीर दिसली तर तो ती ताब्यात घेतो आणि तुम्हाला बसल्याजागी पैसा सुरू होतो.

बाजू कोणती? सोव्हिएतांकडे जड चिलखत आहे, मित्रराष्ट्रांकडे चपळाई आणि युक्त्या. सोव्हिएत घेऊन शिका, चुका थोड्या पचतात. पुढे रशिया-युक्रेन किंवा इंग्लंड-फ्रान्स-जर्मनी असे पोटभेद येतात. प्रत्येकाची एखाद-दुसरी खास चीज आहे, पण सुरुवातीला त्यात डोकं घालायचं कारण नाही.

हा जुना गेम जसाच्या तसा नाही

हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर हिरमोड होतो. मूळ गेममध्ये एकदा पाहिलेला प्रदेश कायम उघडा राहायचा. ओपनआरएत तुमचं माणूस तिथून हललं की धुकं परत येतं आणि शत्रूची हालचाल दिसत नाही. शत्रू मारून तुमचे सैनिक बढती मिळवतात, तेही मूळ रेड अलर्टमध्ये नव्हतं. मूळ गेममध्ये एका वेळी एकच सैनिक बनायला टाकता यायचा, इथे रांग लावता येते. किमती आणि ताकदीही आवृत्तीगणिक बदलत आल्या आहेत, समोरासमोरचा सामना तुल्यबळ व्हावा म्हणून.

माझ्या मते हे बदल गेमच्या भल्याचेच आहेत. दोन माणसांच्या सामन्यात धुक्यामुळे टेहळणीला किंमत येते, आणि जुन्या गेममध्ये नेमकं तेच कमी पडत होतं. तरीही कोणाला हुबेहूब जुनाच अनुभव हवा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये पेट्रोग्लिफ या स्टुडिओकडून जुन्या गेमचं नव्या रूपातलं ‘रीमास्टर्ड कलेक्शन’ करून घेतलं आणि त्यातला खेळाचे नियम चालवणारा कोड जीपीएलखाली खुला केला. त्या कोडवर ‘व्हॅनिला काँकर’ नावाचा प्रकल्प उभा आहे. तो जुनं वागणं जसंच्या तसं जपतो. २०२५च्या फेब्रुवारीत कंपनीने ‘रेड अलर्ट’ आणि ‘जनरल्स’ यांच्यासह आणखी काही गेमचा कोड मोकळा केला. ओपनआरएचा जन्म मात्र या सगळ्याच्या आधीचा, स्वतःच्या पायावर.

कथेच्या मोहिमा ओपनआरएत आहेत, पण सगळ्या नाहीत. ‘मिशन्स’मध्ये मित्रराष्ट्रांची पहिली मोहीम खेळाच. टान्या या कमांडोला घेऊन आइनस्टाइनची सुटका करायची असते, आणि युनिटांची, म्हणजे सैनिक आणि गाड्यांची, ओळखही आपसूक होते.

पायरी ६: माणसांशी खेळणे

‘मल्टिप्लेअर’मध्ये चालू असलेल्या सर्व्हरांची यादी येते. सगळ्यांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. कारण समजून घेतलंत तर पुढच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील. या गेममध्ये नेटवरून रणगाड्यांच्या जागा पाठवल्या जात नाहीत. फक्त हुकूम जातात: अमक्याने तमक्या ठिकाणावर हल्ला केला, इतकंच. प्रत्येक संगणक तीच लढाई आपापल्या घरी नव्याने मोजतो आणि सगळ्यांचं उत्तर सारखंच यायला हवं. शेकडो युनिटं असली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सामना चालतो तो यामुळेच. पण कोणाच्या नियमांत एका आकड्याचा जरी फरक असला तर दोन संगणकांवर दोन वेगळ्या लढाया सुरू होतात. मग ‘आउट ऑफ सिंक’चा संदेश येतो आणि डाव तिथेच संपतो.

स्वतः सर्व्हर उभा करायचा तर राउटरवर १२३४ क्रमांकाचा पोर्ट उघडावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत आणि मोबाइल नेटवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, तिथे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. त्यात वेळ दवडू नका. यादीतला रिकामा डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे कोणीतरी सगळ्यांसाठी चालू ठेवलेला, शोधा आणि आत जा. पहिला जो शिरतो त्याच्याकडे सूत्रं येतात. मग नकाशा निवडा, पासवर्ड लावा आणि मित्रांना बोलवा. एखादा नकाशा तुमच्याकडे नसला तर लॉबीतूनच, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात त्या पडद्यावरूनच, उतरवून घेता येतो. एकाच घरात किंवा हॉस्टेलमध्ये वायफायवर खेळणार असाल तर यातलं काहीच करावं लागत नाही, सर्व्हर यादीत आपोआप दिसतो.

सामना संपला की ‘रिप्ले’ जपला जातो. त्यातही फक्त हुकूमच असल्याने फाइल चिमुकली असते. हरलेल्या सामन्याचा रिप्ले समोरच्याच्या बाजूने पाहा. त्याची दुसरी रिफायनरी कधी उभी राहिली आणि तुमची कधी, एवढंच पाहिलंत तरी पुरे. नवी आवृत्ती घेण्याआधी आवडते रिप्ले पाहून घ्या, ते ज्या आवृत्तीत खेळले त्याच आवृत्तीत चालतात.

ओपनआरए जमला, आता पुढे काय

‘वॉरझोन २१००’ हा १९९९चा गेम. त्याचा कोड २००४ मध्ये जीपीएलखाली आला, आणि आज तो मालासकट पूर्ण मोकळा आहे, काहीही वेगळं उतरवावं लागत नाही. स्वतःचा रणगाडा स्वतः जुळवायची गंमत त्यात आहे. ‘टोटल ॲनायहिलेशन’च्या वंशातला ‘बियाँड ऑल रीझन’ प्रचंड फौजांसाठी, पण त्याला तगडा संगणक लागतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’साठी ‘ओपनएज’ नावाचा प्रकल्प आहे, पण तो अजून खेळण्याजोगा नाही, त्याची वाट बघत बसू नका.

त्या धाटणीचं हवं असेल तर ‘झिरो ए.डी.’ घ्या. ही कशाची पुनर्निर्मिती नाही, पण त्याच परंपरेत वाढलेला खुला गेम आहे. त्यात मौर्य साम्राज्य आहे, चंद्रगुप्त, अशोक आणि आचार्य चाणक्य यांच्यासह. मौर्यांकडे एक कामकरी हत्ती मिळतो. लाकूडतोड्यांजवळ त्याला उभा केला की तोच त्यांचं चालतं-फिरतं कोठार होतो. जंगल सरकलं की हत्तीही सरकवायचा. २०२५च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या सत्ताविसाव्या आवृत्तीचं नाव ‘अग्नी’ आहे.

हात घालायचा असेल तर

ओपनआरएच्या ‘एक्स्ट्राज’मध्ये नकाशा बनवायचं साधन आहे. दोघांसाठी एक लहान नकाशा करा, दोन्ही बाजूंना खनिज सारखं द्या आणि मित्राबरोबर खेळून पाहा. त्यानंतर नियम बदलून बघा. ते साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात आणि ओळींची उतरंड टॅबने दाखवायची असते. मूळ फाइलींना हात न लावता आपले नियम नकाशाच्या आतच ठेवता येतात. रायफलधाऱ्याची किंमत बदलून पाहणं हा चांगला पहिला प्रयोग आहे.

झिरो ए.डी.चं भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर स्वयंसेवक करतात. कोड येत नसला तरी मराठी मजकूर लिहिणाऱ्याला तिथे काम आहे. आणि ओपनआरएत खेळता खेळता गेम कोसळला तर नुसतं वैतागून सोडून देऊ नका. त्याच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’मध्ये ‘एक्सेप्शन’ नावाची फाइल असते. ती, सामन्याचा रिप्ले आणि तुमच्या आवृत्तीची तारीख, या तिन्ही गोष्टी जोडून गिटहबवर, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या साइटवर, तक्रार नोंदवा. तक्रार इंग्रजीत, पण चार ओळींतच लिहा: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि पुन्हा केलं तर पुन्हा होतं का.